गृहपाठात मदत किती करायची आणि कुठे थांबायचं

मुलाच्या गृहपाठात किती मदत करावी, याचं उत्तर मिनिटांत देता येत नाही. आधी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: आजचा हा गृहपाठ नेमकं काय पक्कं करण्यासाठी दिला आहे? जे पक्कं व्हायला हवं ते मुलानंच करायचं. त्याच्या आजूबाजूचं सगळं, म्हणजे वेळ ठरवणं, जागा मोकळी करून देणं, साहित्य शोधणं, सूचना समजावणं, यात मोकळ्या मनानं मदत करा.

दुसरीतल्या मुलाला गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचायला जड जात असेल, तर ते वाचून दाखवा. तिथे वाचनाची परीक्षा नाही. पण गृहपाठच वाचनाचा असेल, तर तो उतारा वाचून दाखवणं म्हणजे गृहपाठ तुम्हीच करणं. नकाशात नद्या दाखवायच्या असतील तर चौकट आखून दिलीत तरी चालेल, नद्यांना हात लावू नका.

याला एक कारण आहे आणि ते बहुतेक घरांत लक्षातच येत नाही. वही पाहून शिक्षकांना कळतं की वर्गाला काय समजलं आणि काय पुन्हा शिकवायला हवं. घरून प्रत्येक वही निर्दोष होऊन गेली तर शिक्षक पुढचा धडा घेतात आणि न समजलेला भाग मागेच राहतो. परीक्षेत तो उघडा पडतो, तेव्हा ‘घरी तर सगळं येत होतं’ असं वाटून आपण गोंधळतो.

बसण्यापूर्वी

वेळ रोज तीच ठेवा. शाळेतून आल्या आल्या बसवू नका. खाणं आणि अर्धा-पाऊण तास मोकळं खेळणं झालं की बसवा. झोपेच्या वेळेला चिकटून गृहपाठ नको. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या वयात ८ ते १० तास झोप लागते. गृहपाठासाठी झोप कापली तर दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही आणि घरी आणखी वेळ लागतो.

किती वेळ बसवायचं? गृहपाठावरच्या संशोधनात हॅरिस कूपर यांचं नाव सतत येतं. इयत्तेमागे साधारण १० मिनिटं, म्हणजे दुसरीला २०, पाचवीला ५०, हा ढोबळ हिशेब त्यांच्यामुळेच सगळीकडे पोचला. २००६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याआधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात गृहपाठ आणि गुण यांचा संबंध मोठ्या इयत्तांत स्पष्ट दिसला, प्राथमिक इयत्तांत मात्र फारच कमी. म्हणून पहिली-दुसरीत वही पूर्ण झालीच पाहिजे असा हट्ट धरू नका. त्या वयात रोज ठरल्या वेळी बसायची सवय लागली तरी पुष्कळ आहे.

टेबलावर आजच्या विषयाच्याच वस्तू ठेवा. पट्टी, रबर, टोक केलेल्या दोन पेन्सिली आधीच हाताशी असू द्या, कारण प्रत्येक वेळी उठून गेलं की लक्ष परत जमायला वेळ जातो. फोन दुसऱ्या खोलीत, तुमचासुद्धा. तुम्ही मुलाच्या मागे किंवा समोर न बसता बाजूला, थोडं तिरकं बसा. मागून डोकावणारी व्यक्ती असली की मूल प्रत्येक ओळीनंतर मान वळवून ‘बरोबर आहे ना?’ विचारतं.

पहिली पाच मिनिटं

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी मदत इथेच आहे. मुलाला डायरी उघडून आजचा गृहपाठ मोठ्यानं वाचायला सांगा. मग तीन गोष्टी विचारा: यातलं काय सोपं वाटतं, काय अवघड वाटतं, आणि कशापासून सुरुवात करणार? क्रम त्यालाच ठरवू द्या. सोप्यापासून सुरू करणं वाईट नाही, पण अवघड काम अगदी शेवटी ठेवू नका, तोवर दम संपलेला असतो. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागतील याचा अंदाज त्यालाच कागदावर लिहायला लावा आणि संपल्यावर खरी मिनिटं शेजारी लिहायला सांगा. सुरुवातीला अंदाज दुपटीनं चुकतात. काही आठवड्यांत ते जवळ येऊ लागतात आणि वेळेचं नियोजन वेगळं शिकवावं लागत नाही.

मूल अडलं की

घाईत आपण थेट उत्तराकडे जातो. त्याऐवजी खालच्या पायऱ्या एकेक करून चढा. आधीच्या पायरीवर काम भागलं तर पुढची लागतच नाही.

१. गप्प राहा. मनात वीस आकडे मोजा. मेरी बड रो यांनी वर्गांतून पाहिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हीच वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. घरी आपण शिक्षकांपेक्षाही उतावीळ असतो.

२. प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगा. कितीतरी अडचणी इथेच सुटतात, कारण प्रश्न अर्धाच वाचलेला असतो.

३. ‘इथपर्यंत काय कळलंय ते मला सांग’ म्हणा. ‘काय कळलं नाही?’ असं विचारू नका. जे कळलं नाही ते मुलाला सांगता येत नाही.

४. वहीत किंवा पुस्तकात असंच सोडवलेलं उदाहरण शोधायला सांगा. पान तुम्ही उघडून देऊ नका.

५. वेगळ्या कागदावर तसंच, पण वेगळे आकडे असलेलं उदाहरण तुम्ही सोडवून दाखवा. सोडवताना मनातला विचार मोठ्यानं बोला. मग कागद बाजूला सारा आणि मूळ उदाहरण त्याला करू द्या.

६. फक्त पुढची एक पायरी सांगा आणि थांबा.

७. तरीही जमलं नाही तर ते उदाहरण सोडा आणि शिक्षकांना चिठ्ठी लिहा.

या सगळ्यात पेन्सिल मुलाच्या हातातच राहते. तुम्हाला काही लिहून दाखवायचं असेल तर तुमचा कागद वेगळा. एक उदाहरण जमलं की पुढच्याला एक पायरी खाली उतरून सुरुवात करा. आधीच्याला पाचवी पायरी लागली म्हणून पुढच्यालाही थेट पाचवीवर जायचं नाही. नेमकं हेच राहून जातं, आणि मग वर्षभर प्रत्येक उदाहरण दोघांनी मिळून सोडवायची सवय पडते.

गणित: चूक वाचायला शिका

५०४ − २७८ ही वजाबाकी घ्या. बरोबर उत्तर २२६. समजा मुलानं ३७४ लिहिलं. ‘चुकलं, नीट कर’ म्हणण्याआधी ते उत्तर कसं आलं ते पाहा. ८ मधून ४ गेले ४, ७ मधून ० गेला ७, ५ मधून २ गेले ३. म्हणजे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, वर कोणता आणि खाली कोणता हे पाहतच नाही. हा निष्काळजीपणा नाही. त्याच्या डोक्यात एक चुकीचा नियम पक्का बसलाय आणि ते तो इमानदारीनं पाळतंय. त्याच पद्धतीची आणखी दहा गणितं दिली तर तो नियमच आणखी घट्ट होईल.

दुसऱ्या मुलाचं उत्तर ३२६ येईल. त्यानं एककासाठी हातचा घेतला, दशकाच्या शून्याचे ९ केले, पण शतकाच्या ५ चे ४ करायचे राहिले. त्याला हातच्याची वजाबाकी येते, मधलं शून्य आलं की फक्त एक पायरी सुटते. दोन्ही उत्तरं चुकीचीच, पण उपाय वेगळे. पहिल्याला काड्या आणि दहा-दहाचे गठ्ठे घेऊन ‘४ काड्यांतून ८ काढून दाखव’ इथपासून सुरू करावं लागेल. दुसऱ्याला वेगळ्या कागदावर ४०३ − १५६ करून दाखवा: दशकाच्या घरात काहीच नाही, म्हणून एक शतक सुटं करून १० दशक आणले, त्यातला एक एककाला दिला, राहिले ९. शतकाचे झाले ३. उत्तर २४७.

आणि दोघांनाही ताळा शिकवा. उत्तरात २७८ मिळवले की ५०४ यायला हवेत. ३७४ मध्ये मिळवले तर ६५२ येतात. चूक तुम्ही दाखवण्यापेक्षा ताळ्यानं दाखवली की मूल चिडत नाही, पुन्हा बघायला बसतं.

अपूर्णांकांत हमखास दिसणारी चूक: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवले. इथे समच्छेदाचा नियम पुन्हा म्हणून दाखवण्याआधी विचारा, ‘२/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापून एकीचे दोन आणि दुसरीचे पाच भाग करायला लावा. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं, हे त्याच्या डोळ्यांना दिसलं की ५/६ का, हे समजावून घ्यायला ते आपणहून तयार होतं.

शाब्दिक उदाहरणांत ‘जास्त आलं की बेरीज, कमी आलं की वजाबाकी’ असे शॉर्टकट घरीच शिकवले जातात आणि पुढे महागात पडतात. ‘राधाकडे १२ पेन्सिली आहेत. त्या अजयकडच्या पेन्सिलींपेक्षा ५ ने जास्त आहेत. अजयकडे किती?’ इथे ‘जास्त’ पाहून मूल १७ लिहितं, उत्तर ७ आहे. शब्द पकडायला न लावता चित्र काढायला लावा. राधाची लांब पट्टी, अजयची आखूड पट्टी, मधला फरक ५. कोणाकडे जास्त आहेत हे आधी तोंडी सांगू दे, आकडेमोड नंतर.

पद्धतीवरून वाद घालू नका. शाळेत गुणाकार चौकटी करून शिकवला असेल आणि तुम्हाला उभी मांडणी येत असेल, तर मुलाला त्याची रीत तुम्हाला समजावू द्या. आई एक रीत सांगते, बाबा दुसरी आणि शाळा तिसरी, असं झालं की मूल तिन्हींचे तुकडे जोडत बसतं. एका विषयाला घरातलं एकच माणूस ठरवा.

वाचन आणि लेखन

मूल मोठ्यानं वाचत असताना चुकलं की लगेच टोकू नका. वाक्य संपेपर्यंत थांबा, बऱ्याचदा अर्थ जुळत नाही म्हणून ते स्वतःच मागे येतं. शब्दावर अडलं तर पाच सेकंद थांबा, मग पहिलं अक्षर सुचवा किंवा चित्राकडे बोट दाखवा, आणि तरी नाही आलं तर सरळ शब्द सांगून पुढे चला. एका शब्दावर मिनिटभर झगडत बसलं की गोष्टीचा धागा तुटतो. एका पानावर पाचाहून जास्त शब्दांना अडत असेल तर ते पुस्तक सध्या अवघड आहे. ते तुम्ही वाचून दाखवा आणि त्याला सोपं द्या.

शुद्धलेखनासाठी चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावण्याची रीत फारशी कामाची नाही. तिसऱ्यांदा लिहिताना डोळे वरच्या ओळीवर असतात आणि हात नुसता चालत असतो. त्याऐवजी शब्द पाहा, झाका, आठवून लिहा, उघडून तपासा. असं आज तीनदा, परवा एकदा आणि आठवड्यानं एकदा. ‘मूल’ दीर्घ पण ‘मुलाला’ ऱ्हस्व, ‘फूल’ पण ‘फुलाचा’, ‘वीट’ पण ‘विटेचा’, अशा जोड्या एकत्र लिहायला दिल्या की नियम पाठ न करताही ध्यानात येतो.

पाठांतरालाही हेच लागू. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून ‘पुन्हा एकदा वाच’ म्हणण्याऐवजी पुस्तक मिटायला लावा आणि काय आठवतं ते विचारा. इथे तुम्हाला विषय येण्याचीही गरज नाही, पुस्तक तुमच्या हातात आणि उत्तर त्याच्या तोंडी.

निबंधात मदत म्हणजे वाक्यं सांगणं, असा समज आहे. लेखणी हातात घेण्याआधी पाच-सात मिनिटं नुसत्या गप्पा मारा: काय पाहिलंस, कोण होतं, कशाची भीती वाटली, मग काय झालं? बोलता बोलता त्यानं वापरलेले चार-पाच शब्द त्यालाच चिठ्ठ्यांवर लिहायला सांगा आणि चिठ्ठ्यांचा क्रम लावू द्या. मग तुम्ही उठा. लिहून झाल्यावर दोनच प्रश्न विचारा, दोन्ही मजकुराबद्दल: ‘इथे मला नीट दिसलं नाही, अजून सांगशील?’ शुद्धलेखन सर्वांत शेवटी. पहिल्याच ओळीत लाल खुणा पडल्या की पुढच्या वेळी मूल तेवढेच शब्द लिहितं जे त्याला चुकायची भीती नाही.

तपासणं

पहिली-दुसरीत चुकीच्या ओळीसमोर हलकी टिंब द्या. तिसरी ते पाचवीत फक्त आकडा सांगा: ‘सहापैकी दोन चुकलीत, शोध.’ सहावीनंतर तुम्ही तपासू नका, ‘तू कसं तपासलंस?’ एवढंच विचारा. शोधूनही चूक सापडली नाही तर ती तशीच वहीत जाऊ द्या. हे पालकांना फार जड जातं, पण ती चूक शिक्षकांपर्यंत पोचायला हवी.

दाद नेमकी द्या. ‘हुशार आहेस’ ऐवजी ‘ताळा करून स्वतः चूक पकडलीस’ म्हणा. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुलं नंतर सोपी कामं निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर हिरमुसली. प्रयत्नांची दाद मिळालेली मुलं अवघड कामाला भिडली.

प्रकल्पांबद्दल थोडक्यात: कटर, गरम गोंद आणि विजेचं काम तुमचं, बाकी सगळं त्याचं. ज्या दिवशी प्रकल्प मिळाला त्याच दिवशी साहित्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या आणि शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत टप्पे ठरवा. आदल्या रात्री आठवण झाली तर जेवढं त्याला जमेल तेवढंच जाईल, वाकड्या कडांसकट.

हळूहळू बाजूला होणं

रोज शेजारी बसायची सवय असेल तर एकदम उठू नका. पहिल्या आठवड्यात शेजारी बसा, पण हातात स्वतःचं काम घ्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच खोलीत, पण लांब. तिसऱ्यात फक्त सुरुवातीला आणि शेवटी या, मधल्या शंका त्यानं कागदावर लिहून ठेवायच्या आणि तुम्ही आलात की एकदम विचारायच्या. निम्म्या शंका तोवर सुटलेल्या असतात. या काळात एखाद-दुसऱ्या वेळी गृहपाठ अपुरा राहील, वहीवर शेराही येईल. तेवढ्यावरून परत शेजारी जाऊन बसलात तर मुलाला कळतं की अर्धवट सोडलं की मदत परत येते.

सहावी ते आठवीत हे जास्त जपावं लागतं. २००८ साली पाटॉल, कूपर आणि रॉबिन्सन यांच्या आढाव्यात गृहपाठातली पालकांची मदत आणि गुण यांचा संबंध याच मधल्या इयत्तांत उलटा दिसला. ज्यांना जमत नाही त्यांनाच जास्त मदत मिळते, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. पण या वयाला देखरेख जाचते, हेही घरोघरी दिसतं. या वयात वही उघडून बघण्यापेक्षा हा विषय पुढे कुठे लागतो, यावर बोलणं जास्त पोचतं.

विषय तुम्हालाच येत नसेल

तर अडचण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. पहिल्या चार पायऱ्यांना विषयाचं ज्ञान लागत नाही. शाळेची भाषा घरच्या भाषेहून वेगळी असेल तर मुलाला धडा घरच्या भाषेत समजावून सांगायला लावा. ज्याला दुसऱ्या भाषेत सांगता येतं त्याला तो कळलेला असतो.

गणिताची मनात भीती असेल तर मात्र जपून. २०१५ मध्ये मलोनी, बायलॉक आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की गणिताला घाबरणारे जे पालक वारंवार गृहपाठात मदत करत, त्यांच्या मुलांचं गणित वर्षभरात कमी सुधारलं आणि मुलांची भीतीही वाढली. मदत क्वचितच करणाऱ्या अशाच पालकांच्या मुलांत तसं दिसलं नाही. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटलं जातं, मुलाला त्यातून सूट ऐकू येते. अशा घरी गणिताला दुसऱ्या कुणाला बसू द्या आणि तुम्ही फाशांचे, पत्त्यांचे खेळ घ्या.

थांबायचं कधी

आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं, किंवा मूल तेच उत्तर तिसऱ्यांदा खोडत असेल, तर दहा मिनिटं उठा. परत आल्यावर तेच उदाहरण न घेता एक सोपं घ्या. तरीही जमत नसेल तर वही मिटा. रडत केलेल्या गणितातून गणित शिकून होत नाही.

ठरलेल्या वेळेच्या दीडपट वेळ रोज लागू लागला तर आठवडाभर नोंद ठेवा आणि शिक्षकांना लिहा. ‘याला फार गृहपाठ असतो’ अशी तक्रार नको, त्यावर त्यांना काही करता येत नाही. असं लिहा: ‘पहिली चार गणितं २० मिनिटांत स्वतः सोडवली. पाचव्यात मधल्या शून्यापाशी अडला. वेगळं उदाहरण दाखवल्यावर एक जमलं, पुढची दोन जमली नाहीत, म्हणून ती कोरी ठेवली आहेत.’ एवढ्यावरून शिक्षकांना उद्या कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आणि काही गोष्टी मदतीनं सुटणाऱ्या नसतात. पुस्तक डोळ्यांजवळ नेणं, वाचताना ओळ हरवणं, फळ्यावरचं अर्धवट उतरवून आणणं, सांगितलेलं वारंवार पुन्हा विचारणं, यासाठी आधी डोळे आणि कान तपासा. ते ठीक असूनही दोन वर्षं शिकवल्यावर साधे शब्द अक्षर-अक्षर जोडूनच वाचावे लागत असतील, तोंडी सगळं येतं आणि कागदावर काहीच उतरत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या. वाट पाहू नका, ‘आळशी’ हा शिक्का बसण्याआधी ती झालेली बरी. अशा मुलाला इतिहासाचा धडा वाचून दाखवणं किंवा त्यानं तोंडी सांगितलेलं उत्तर जसंच्या तसं लिहून घेणं, यात गैर काही नाही. तिथे शिकायचा आहे तो इतिहास. फक्त वहीत खाली एक ओळ लिहा: ‘उत्तर त्याचं, लिहून मी घेतलं.’